बाजाराने डावललेल्या दोन मोटारी : 'जॅझ' की 'फिगो'?

उत्पादन थांबले, भाव उतरले. पण त्याची कारणे गाडीत कमी आणि कंपन्यांच्या हिशेबात अधिक होती. रोजच्या वापरासाठी जुनी छोटी मोटार शोधणाऱ्या कुटुंबाने होंडा जॅझ आणि फोर्ड फिगो यांपैकी कोणती निवडावी, याचा हा लेखाजोखा.

जुन्या मोटारीचा भाव दोन गोष्टींवर ठरतो. गाडी मुळात कशी आहे ही एक आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक किती लवकर मिळेल ही दुसरी. प्रत्यक्ष व्यवहारात दुसऱ्या गोष्टीचे पारडे बहुधा जड ठरते. ज्या गाडीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि जिचे नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी असते, ती आठ वर्षांची झाली तरी तोरा सोडत नाही. याउलट जिची निर्माती कंपनी देश सोडून गेली किंवा जिचे उत्पादन बंद पडले, ती सुस्थितीत असूनही स्वस्तात निघते.

होंडा जॅझ आणि फोर्ड फिगो या अशाच दोन मोटारी. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्ही २०१५ मध्ये नव्या रूपात भारतीय रस्त्यांवर आल्या आणि दोन्ही चालविणाऱ्यांच्या पसंतीस उतरूनही विक्रीत मागे पडल्या. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत पहिली किंवा दुसरी गाडी घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात त्या आज सहज बसतात. मात्र दोघींचे स्वभाव भिन्न आहेत. एकीचे गुण दुसरीत शोधणाऱ्याची निराशाच होईल.

मागे का पडल्या?

जॅझ भारतात प्रथम जून २००९ मध्ये आली. जपानमध्ये २००१ पासून 'फिट' या नावाने विकल्या जाणाऱ्या या मोटारीची जगभर वाहवा झाली होती. परंतु येथे तिची किंमत सात लाखांच्या घरात होती. त्या पैशात डिकी असलेली मोठी सेदान मिळत असताना छोट्या आकाराच्या गाडीसाठी एवढी रक्कम मोजण्यास ग्राहक तयार झाला नाही. २०११ मध्ये कंपनीने किंमत सुमारे दीड लाखाने खाली आणली, तेव्हा मागणी वाढली. पण २०१३ मध्ये ते मॉडेल बंद झाले. जुलै २०१५ मध्ये नवी जॅझ दाखल झाली. या वेळी किंमत आवाक्यात होती आणि डिझेल इंजिनही होते. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मारुतीची बलेनो आली आणि या वर्गातील बाजार तिने व्यापून टाकला. २०२० मध्ये बीएस-६ नियमांबरोबर जॅझचे डिझेल इंजिन गेले आणि २०२३ मध्ये जॅझही गेली.

फिगोची कथा वेगळी आहे. मार्च २०१० मध्ये आलेली पहिली फिगो चांगलीच खपली आणि २०११ ची 'इंडियन कार ऑफ द इयर'ही ठरली. सप्टेंबर २०१५ मध्ये गुजरातमधील साणंद येथील नव्या कारखान्यातून दुसरी फिगो बाहेर पडली. ती आधीच्या गाडीपेक्षा सरस होती, तरी तोवर स्पर्धा तीव्र झाली होती आणि ग्राहकांचा ओढा उंच, एसयूव्हीसारख्या गाड्यांकडे वळू लागला होता. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील मोटारउत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे कारण कंपनीने दिले. साणंदचा कारखाना पुढे टाटा समूहाकडे गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले.

अर्थात, दोन्ही मोटारींचा भाव उतरण्यामागे कंपन्यांचे व्यापारी निर्णय होते. भाव घसरल्याचा फटका पहिल्या मालकाने सोसला आहे. दुसऱ्या मालकाला ती घसरण लाभाची ठरू शकते. फक्त त्याने गाडी वापरण्यासाठी घ्यावी, दोन वर्षांत विकून फायदा काढण्यासाठी नव्हे.

जागा आणि बैठक : जॅझची सरशी

रोजच्या वापरात सर्वाधिक जाणवणारा गुण म्हणजे आतली जागा आणि त्या बाबतीत जॅझला तोड नाही. तिच्या रचनेचे मर्म इंधनाच्या टाकीत आहे. बहुतेक गाड्यांत ही टाकी मागच्या सीटखाली असते. होंडाच्या अभियंत्यांनी ती पुढच्या सीटखाली बसविली. त्यामुळे मागील भागात जमिनीलगत मोकळी जागा मिळाली. परिणामी ३,९५५ मिलिमीटर लांबीच्या या मोटारीत मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकत नाहीत आणि तरीही ३५४ लिटरची डिकी उरते. दोन मोठ्या बॅगा आणि मुलांची सायकल, असा संसार तीत मावतो.

सुरुवातीच्या काळातील वरच्या श्रेणींत 'मॅजिक सीट' ही सोय होती. मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातील खुर्चीप्रमाणे वर उचलता येते आणि खाली उंच कुंडी किंवा छोटे कपाट उभे ठेवता येते. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीने ही सोय काढून टाकली. त्यामुळे ज्यांना ती हवी आहे, त्यांनी २०१५ ते २०१८ दरम्यानच्या गाड्यांतच शोध घ्यावा आणि सीट प्रत्यक्ष उचलून पाहावी.

जॅझचे दरवाजे रुंद उघडतात आणि बैठक फार खोल नाही. संधिवाताचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना आत शिरताना वाकावे लागत नाही. समोरची काच मोठी असल्याने पुढचा रस्ता स्वच्छ दिसतो. उणे बाजूस दोन गोष्टी नोंदवाव्या लागतील. जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आहे. पाच माणसे आणि सामान असताना सोसायटीच्या दारातील उंच गतिरोधकावर पोट घासण्याची शक्यता असते. वरच्या श्रेणींत वातानुकूलनाची बटणे स्पर्शावर चालणारी आहेत; गाडी चालविताना ती नजरेखेरीज हाताला सापडत नाहीत.

फिगोची मांडणी साधी आहे. पुढच्या सीट आरामदायी आहेत. मागे दोघे प्रौढ नीट बसतात, तिसऱ्याची मात्र अडचण होते. डिकी २५७ लिटरची, म्हणजे जॅझपेक्षा जवळपास शंभर लिटरने लहान. चौघांच्या कुटुंबाला रोजच्या कामासाठी ती पुरते. दिवाळीत गावी जाताना मात्र एक बॅग मांडीवर येते. जमिनीपासूनची उंची १७४ मिलिमीटर असल्याने खड्डे आणि गतिरोधक यांची चिंता तुलनेने कमी.

इंजिन आणि रस्ता : फिगोचे मैदान

शहराची वेस ओलांडली की चित्र पालटते. जॅझचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन ९० अश्वशक्तीचे. ते गुळगुळीत आणि शांत चालते, पण त्याचा ११० न्यूटन मीटरचा जोर वरच्या फेऱ्यांत, ४,८०० च्या आसपास मिळतो. खंबाटकी किंवा कसारा घाटात गाडी भरलेली असेल, तर गिअर उतरवून इंजिनला ओरडावे लागते. हीच मोटार सीव्हीटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह घेतली, तर घोडबंदर रस्त्याच्या किंवा हिंजवडीच्या कोंडीत तिच्याइतकी सुखद छोटी गाडी क्वचितच सापडेल. क्लच नाही, धक्के नाहीत, डाव्या पायाला विश्रांती. ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर मात्र आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो. हा सीव्हीटीचा स्वभावच आहे.

फिगोचे मर्म तिच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात आहे. १०० अश्वशक्ती आणि २१५ न्यूटन मीटर जोर, तोही १,७५० फेऱ्यांपासून. गाडी वजनाने हलकी असल्याने चढावर किंवा ट्रकला ओलांडताना हा जोर चटकन हाताशी येतो. वळणांवर गाडी रस्ता धरून राहते, स्टिअरिंग नेमके बोलते. महिन्यातून दोनदा पुण्याहून कोल्हापूरला किंवा मुंबईहून चिपळूणला जाणाऱ्याला या गुणांची किंमत पटते. जॅझच्या डिझेल इंजिनातही १०० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन मीटर जोर होता आणि त्याला सहा गिअरांची जोड होती. परंतु त्याचा आवाज अधिक आणि चालविण्यातला उत्साह कमी.

पेट्रोल फिगोचे तीन अवतार आहेत व त्यांत भेद करणे आवश्यक आहे. २०१५ ते २०१८ मधील १.२ लिटरचे ८८ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन शहरात पुरेसे, महामार्गावर जेमतेम. मार्च २०१९ नंतरचे तीन सिलिंडरचे ९६ अश्वशक्तीचे इंजिन अधिक तरतरीत. तिसरा अवतार १.५ लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकचा. त्यातील २०१५ ते २०१८ दरम्यानच्या गाड्यांत सहा गिअरांचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. चालवायला तो वेगवान आहे. परंतु दुरुस्ती खर्चिक आणि तो जाणणारे कारागीर मोजके. ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून अमेरिकेत फोर्डच्या फिएस्टा आणि फोकस या मोटारींच्या मालकांनी सामूहिक दावा केला होता व तो तडजोडीने मिटला. कंपनी भारतात गाड्या विकत नसताना अशा गिअरबॉक्सची जोखीम सामान्य मालकाने पत्करू नये.

सुरक्षितता

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत जॅझला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले. फिगोच्याच सांगाड्यावर उभी असलेली सेदान फिगो ॲस्पायर २०१७ मध्ये याच संस्थेने तपासली होती. तिला प्रौढांसाठी तीन आणि मुलांसाठी दोन तारे मिळाले. दोन्ही चाचण्या जुन्या निकषांवरच्या होत्या. २०२२ च्या मध्यापासून निकष कडक झाले, त्यामुळे आजच्या नव्या गाडीच्या ताऱ्यांशी यांची सरळ तुलना करता येत नाही.

फिगोच्या सर्वांत वरच्या श्रेणीत सहा एअरबॅग होत्या. त्या काळात या किमतीच्या गाडीत ही सोय दुर्मीळ होती. एअरबॅग आणि एबीएस या गोष्टी २०१९ पासून नियमाने सक्तीच्या झाल्या. त्यापूर्वीच्या गाड्यांत श्रेणीनुसार फरक आहे. म्हणून जाहिरातीतील 'टॉप मॉडेल' या शब्दांवर विसंबू नये. स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर आणि बाजूच्या खांबांवर एअरबॅगची खूण पाहावी आणि गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागून विझतो की नाही, याची खात्री करावी. दिवा मुळीच लागत नसेल, तर अपघातानंतर एअरबॅग न बसविता तो बंद केलेला असू शकतो.

देखभाल : खरा प्रश्न

निवडीचा काटा अखेर येथे फिरतो. होंडा कंपनी भारतात आहे. जॅझचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन अमेझ या मोटारीतही वापरले गेले आणि अमेझ आजही विकली जाते. जॅझवर बेतलेली डब्ल्यूआर-व्ही २०१७ पासून २०२३ पर्यंत विकली गेली, त्यामुळे अनेक भाग सामाईक आहेत. अधिकृत सेवा केंद्र शहरात सापडते, गाडीचा इतिहास संगणकात असतो. जॅझ घेणाऱ्याला बंद पडलेले मॉडेल मिळते, पण आधार देणारी कंपनी शाबूत असते.

फोर्डने उत्पादन थांबविताना सेवा आणि सुटे भाग पुरवीत राहण्याचे आश्वासन दिले होते व अधिकृत केंद्रे आजही काम करीत आहेत. त्यांची संख्या मात्र घटली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने चेन्नईजवळचा कारखाना निर्यातीसाठी पुन्हा सुरू करण्याचा मानस जाहीर केला. ती बातमी चांगली असली, तरी तिच्यावर विसंबून फिगो घेणे शहाणपणाचे नाही. निर्यातीचा कारखाना म्हणजे येथील ग्राहकासाठी शोरूम नव्हे. फिगो, ॲस्पायर आणि २०१८ मध्ये आलेली फ्रीस्टाइल यांचे बरेच भाग एकच असल्याने तेलगाळणी, ब्रेकपॅड, क्लच, सस्पेन्शन यांची ददात नाही. खरी अडचण येते ती बंपर, हेडलाइट, दरवाजा यांसारख्या भागांची. किरकोळ धडक झाली आणि भाग बाहेरून मागवावा लागला, तर गाडी गॅरेजमध्ये तिष्ठत राहू शकते. घरात दुसरे वाहन नसेल, तर हा विचार आधीच करावा.

प्रत्येक इंजिनाचे काही पथ्य असते. फिगोच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो मुदतीत बदलला नाही आणि तुटला, तर इंजिनच मोडते. गाडी लाख किलोमीटरच्या किंवा दहा वर्षांच्या जवळ आली असेल, तर बेल्ट बदलल्याची पावती मागावी. पावती नसल्यास तो खर्च सौद्यातून वजा करावा. २०१९ नंतरच्या पेट्रोल इंजिनात हा पट्टा तेलातच फिरतो. त्यामुळे मालकपुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल आणि वेळेवर बदल, याला पर्याय नाही. बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. रोज तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याच्या हातात तो तुंबतो. अधूनमधून लांबची धाव मिळाली, तरच स्वच्छ राहतो. जॅझच्या सीव्हीटीचे तेल ठरावीक अंतराने बदललेले असावे. होंडाने सदोष इंधनपंपाच्या बदलासाठी २०२० आणि २०२४ मध्ये आपल्या अनेक मोटारी परत बोलाविल्या होत्या व त्यांत जॅझचाही समावेश होता. चॅसिस क्रमांक देऊन आपल्या गाडीचे ते काम झाले आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येते.

पेट्रोल गाडी घेणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न असतो, तो २० टक्के इथेनॉलमिश्रित इंधनाचा. आता पंपांवर सर्वत्र हेच पेट्रोल मिळते. आपल्या २००९ पासूनच्या गाड्यांतील भाग या इंधनाला टिकणारे आहेत, असे होंडाने जाहीर केले आहे. फोर्डचे उत्पादन हे मिश्रण प्रमाण होण्यापूर्वीच थांबले. म्हणून जुन्या पेट्रोल फिगोत इंधनाच्या रबरी नळ्या आणि जोड तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. ॲव्हरेज थोडे घटते, हे दोन्ही गाड्यांना लागू आहे.

खर्चाचे गणित

डिझेल की पेट्रोल, या प्रश्नाचे उत्तर वर्षाच्या किलोमीटरमध्ये दडलेले असते. हिशेबापुरते असे धरू, की पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोल जॅझ शहरात लिटरमागे १२ किलोमीटर चालते आणि डिझेल फिगो १६ किलोमीटर.

* वर्षाला ६,००० किलोमीटर : जॅझला ५०,००० रुपये, फिगोला ३३,७५० रुपये. फरक १६,२५० रुपये.
* वर्षाला १२,००० किलोमीटर : जॅझला एक लाख रुपये, फिगोला ६७,५०० रुपये. फरक ३२,५०० रुपये.
* वर्षाला १८,००० किलोमीटर : जॅझला दीड लाख रुपये, फिगोला १,०१,२५० रुपये. फरक ४८,७५० रुपये.

पहिल्या ओळीतील बचत टायमिंग बेल्ट, इंजेक्टर किंवा टर्बोच्या एखाद्या कामात पाहता पाहता संपते. तिसऱ्या ओळीतील बचत मात्र असे काम निघाले तरी शिल्लक राहते. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत गाडी चालणार असेल, तर डिझेलच्या मोहात पडण्याचे कारण नाही. ज्याने त्याने आपल्या भागातील दर आणि आपले किलोमीटर घालून हे गणित स्वतः मांडावे.

घासाघीस करताना ग्राहकाच्या हाती आणखी एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. विक्रेता त्यापूर्वीच्या दराचा दाखला देत असेल, तर हे त्याच्या नजरेस आणून द्यावे. नोंदणीकृत व्यापारी जुनी गाडी विकतो, तेव्हा त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर तो नाही.

वय आणि कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. २०१६ ची गाडी आज घेतली, तर २०३१ मध्ये योग्यता तपासणी करून पाच वर्षांसाठी फेरनोंदणी करावी लागेल. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले आहे. महाराष्ट्रात त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. २००९-१० च्या पहिल्या जॅझ आणि फिगो या मर्यादेपर्यंत पोहोचल्या आहेत. त्या कितीही स्वस्त मिळाल्या, तरी रोजच्या वापरासाठी २०१५ नंतरची गाडीच पाहावी.

व्यवहाराच्या वेळी पुढील गोष्टी पूर्ण झाल्याखेरीज संपूर्ण रक्कम देऊ नये :

* आरसीवरील चॅसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवून पाहणे. 'वाहन' प्रणालीवर मालकाचे नाव, बोजा आणि विम्याची मुदत तपासणे.
* मालकीबदलासाठी नमुना २९ आणि ३० वर सह्या घेणे. कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५.
* गाडी परराज्यातील असल्यास तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि येथे भरावा लागणारा पथकर यांचा हिशेब आधीच करणे. स्वस्त दिसणारी डिझेल गाडी या खर्चानंतर बहुधा स्वस्त राहत नाही.
* विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज देणे. 'नो क्लेम बोनस' विकणाऱ्याचा असतो; तो गाडीबरोबर येत नाही.
* १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीवर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे का, ते पाहणे.
* पीयूसी आणि ई-चलन थकबाकी तपासणे.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच गरम करून ठेवलेली मोटार आपले दुखणे लपविते. खडबडीत रस्त्यावर काचा वर करून सस्पेन्शनचा खडखडाट ऐकावा. चढावर थांबवून पुन्हा सुरू करावी; क्लच घसरत असेल, तर तेथे कळते. जॅझ सीव्हीटी संथ गतीत हिसके देत असेल, तर ती सोडून द्यावी. मुंबई आणि कोकणातील गाड्यांत सीटखालच्या लोखंडाचा गंज आणि गालिच्याखालचा ओलावा पाहावा. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी कितीही चकचकीत केली, तरी तेथे ओळखू येते. शेवटी पाचशे-हजार रुपये देऊन ओळखीच्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी. संपूर्ण व्यवहारात याहून किफायतशीर खर्च दुसरा नाही.

मग कोणती?

ज्या घरात ज्येष्ठ नागरिक आहेत, गाडी मुख्यतः शहरात चालणार आहे, एकाहून अधिक जण ती चालविणार आहेत आणि गॅरेजच्या फेऱ्या मारण्यास वेळ नाही, त्या घराने पेट्रोल जॅझ घ्यावी, जमल्यास सीव्हीटी. मॅजिक सीट हवी असेल, तर २०१८ पूर्वीची. नवेपणा आणि उरलेले आयुष्य हवे असेल, तर २०२० नंतरची. महामार्गावर अधूनमधूनच जाणाऱ्याला तिची घाटातील दमछाक सोसण्यासारखी आहे.

ज्याचे महिन्याचे अंतर दीड हजार किलोमीटरच्या पुढे आहे, वाटेत घाट आहेत, मागची सीट बहुतेक रिकामी असते आणि फोर्ड जाणणारा मेकॅनिक हाताशी आहे, त्याने डिझेल फिगो शोधावी. सहा एअरबॅगची श्रेणी मिळाली, तर उत्तम. तेवढ्या पैशात असा जोर आणि असा रस्त्यावरचा ठामपणा देणारी दुसरी गाडी सापडणे कठीण. मात्र मेकॅनिकची अट पूर्ण होत नसेल, तर बाकीच्या सर्व अटी पूर्ण होऊनही फिगो घेऊ नये. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने गाडी पाहण्याआधी जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे, ते पाहावे.

पेट्रोल फिगो की पेट्रोल जॅझ, असा पेच असेल, तर इंधनाच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. तेव्हा जागा आणि सेवेचा आधार यांमुळे जॅझ पुढे जाते. किंमत लक्षणीय कमी असेल आणि गाडी २०१९ नंतरची असेल, तरच फिगोचा विचार करावा.

दोन्ही गाड्या घेणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. विकताना गिऱ्हाईक शोधावे लागेल आणि भाव मनासारखा येणार नाही. पहिल्या मालकाला जो तोटा झाला, त्याचा छोटा हिस्सा आपल्याही वाट्याला येईल. पाच-सहा वर्षे गाडी वापरण्याची तयारी असेल, तर तो हिस्सा वर्षागणिक विरत जातो आणि नव्या छोट्या मोटारीच्या निम्म्या-अर्ध्या पैशात घराला एक ऐसपैस किंवा एक दमदार वाहन लाभते. ऐसपैस हवे की दमदार, याचे उत्तर आपल्या रोजच्या रस्त्यावर आणि घरातील माणसांवर अवलंबून आहे.